एकोणीसची रेघ

भिलवडी स्टेशनवर उतरलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. श्रावणात असं ऊन पडलं की पुण्या-मुंबईचा माणूस खूश होतो. इथं वडापमध्ये बसलेल्यांच्या तोंडी मात्र उन्हाचं नावही नव्हतं.

"कोयनेतनं किती सोडलंय?"

"दरवाजे चार फुटावर नेल्यात म्हणं सकाळनं."

"आन् वारणा?"

कृष्णाकाठी पूर आभाळात दिसत नाही. तो महाबळेश्वरला, पाटणच्या डोंगरात, चांदोलीच्या जंगलात पडतो आणि इथं निरभ्र आकाशाखाली चढत येतो. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. ते भरत आलं की सांगली जिल्ह्यातल्या पोराटोरालाही क्युसेकचा हिशेब तोंडपाठ होतो. माझ्या शेजारच्या आजींच्या मांडीवर कोंबडीची पाटी होती आणि विसर्गाचे आकडे त्या ड्रायव्हरपेक्षा नेमके सांगत होत्या.

भिलवडीची बाजारपेठ घाटाला चिकटून आहे. एका किराणा दुकानात शिरलो. काउंटरमागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं आडव्या रेघा ओढलेल्या होत्या आणि प्रत्येक रेघेपुढं साल लिहिलेलं: २००५, २०१९, २०२१. एकोणीसची रेघ सगळ्यात वर, जवळजवळ छताला टेकलेली. दुकानदार पन्नाशीचे, बोलायला मोकळे. पाच सालच्या पुरानंतर त्यांनी खुणेच्या वर हातभर जागा सोडून लोखंडी मांडणी करून घेतली होती. एकोणीसच्या ऑगस्टमध्ये पाणी पेठेत शिरलं तसा साखर, डाळी, तेलाचे डबे असा सगळा माल त्यांनी त्या मांडणीवर चढवला, शटर लावलं आणि घरी जाऊन जेवले. "निवांत जेवलो बघा," ते म्हणाले. "पाच सालच्या वर काय येत न्हाई, असं वडीलधारी सांगत हुती. आम्ही बी तेच धरून चाललो." पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा साखरेची नुसती पोती उरली होती, साखर नव्हती. डाळी फुगून पोती उसवली होती. तो वास महिनाभर हटला नाही, पेठेतल्या प्रत्येक दुकानात तोच होता.

पुढं सबंध प्रवासात हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी ऐकली. कुणी गाडी पाच सालच्या खुणेच्या वर नेऊन लावली होती, कुणी दागिने माळ्यावर ठेवले होते. कुणी म्हाताऱ्या आईला 'आपल्या घरापर्यंत कधी आलेलं नाही' म्हणून हलवलंच नव्हतं. लोक बेफिकीर होते असं शहरात बसून म्हणायला सोपं आहे. मला उलट वाटलं. ते पूर विसरलेच नव्हते, आणि तो अगदी इंचात लक्षात होता म्हणूनच फसले.

भिलवडीहून खाली ब्रह्मनाळ. येरळा आणि कृष्णा इथं मिळतात, त्यामुळं पाणी दोन्ही अंगांनी येतं. ८ ऑगस्ट २०१९ ला या गावातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती तिच्यात, बायका आणि लेकरं बरीच. सतरा जण गेले. गावात मी फार थांबलो नाही, कुणाला काही विचारलंही नाही. पारावरच्या एका तरुणानं आपण होऊन एवढंच सांगितलं की आता इशारा पातळीच्या आधीच निम्मं गाव जनावरांसकट बाहेर पडतं. जनावरांसकट हा शब्द महत्त्वाचा. एकोणीस साली माणसं गावात अडकली त्यामागं गोठा हे मोठं कारण होतं. दावणीला दोन म्हशी असलेला माणूस एकटा बोटीत बसत नाही. काहींनी म्हशी जिन्यानं स्लॅबवर चढवल्या होत्या. चढवताना ढकलून चढल्या, उतरताना मात्र उतरेनात. त्यांना जिना चढता येतो, उतरणं मात्र अवघड जातं, हे गावाला तेव्हा कळलं.

वसगडे, नांद्रे, कर्नाळ करत सांगलीत आलो तोवर दुपार कलली होती. आयर्विन पुलावर बघ्यांची गर्दी. १९२९ साली बांधलेला हा दगडी पूल म्हणजे सांगलीचं पंचांग. याच्या खांबावरचे फूट वाचून शहर चालतं: चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. चाळीसच्या आतच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटकडची माणसं सामान बांधायला लागतात. पुढं गावभाग, टिळक चौक, मारुती रोड, प्रत्येक वस्तीचा आपला आकडा ठरलेला. २००५ ला इथं पाणी त्रेपन्न फुटांच्या वर गेलं होतं आणि तेव्हा ते शेवटचं टोक वाटलं होतं. २०१९ ला साडेसत्तावन्न झालं. चार फूट म्हणजे फार नाही असं वाटतं. पण सांगली सपाट आहे. सपाट गावात चार फूट पाणी चढलं की ते वर कमी आणि आडवं जास्त पसरतं, ज्या कॉलन्यांनी नदी कधी पाहिलीच नव्हती त्यांच्या दारात जाऊन उभं राहतं.

पुलाजवळच्या चहाच्या गाड्यावर वाद रंगला होता. विषय अर्थात अलमट्टी. सांगलीत चहा घेताना अलमट्टीवर मत नसलेला माणूस मला भेटायचा आहे. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा बेत आहे, तशी मुभा कृष्णा पाणीतंटा लवादानं दिलेली आहे, आणि तो अमलात आला तर पाण्याची फूग इथवर येणार ही इथली पक्की समजूत. सरकारनं नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात मात्र एकोणीसच्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. थोड्या दिवसांत कोसळलेला अफाट पाऊस, पूररेषेत उभी राहिलेली बांधकामं, बुजलेले नैसर्गिक नाले, असं तिचं म्हणणं. गाड्यावरच्या एका निवृत्त गुरुजींनी अहवालाचं नाव काढताच हात झटकला.

मला विचाराल तर या भांडणात एक सोय आहे. दोष अडीचशे किलोमीटरवरच्या धरणाचा असला की आपल्या गल्लीतल्या ओढ्यावरचं अपार्टमेंट पाडावं लागत नाही. निळ्या पूररेषेच्या आत कुणी परवानगी दिली, कुणी घेतली, हे विचारावं लागत नाही. पण म्हणून गुरुजींचा संशय हसण्यावारी नेता येत नाही. ज्याच्या घरात आठवडाभर छातीइतकं पाणी उभं राहिलं, उतरता उतरलं नाही, तो खालून कुणी तरी तुंबवलंय असंच म्हणणार. आणि इथून पुढं नदीला उतार जेमतेम आहे, वळणं अनेक, हे तर खरंच आहे.

याच जिल्ह्याचा दुसरा तुकडा मनातून जात नव्हता. ज्या ऑगस्टमध्ये सांगलीत बोटी फिरत होत्या त्याच ऑगस्टमध्ये जत-आटपाडीकडं जनावरं चारा छावणीत आणि माणसं टँकरच्या रांगेत होती. जिल्हाधिकारी एकच.

संध्याकाळी हरिपूरला गेलो. 'शारदा'कार देवलांचं हे गाव, वारणा-कृष्णेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळाचं. पण मला पाहायची होती ती हळदीची पेवं. हरिपूरची माती अशी की तिच्यात वीस-पंचवीस फूट खोल खड्डा घेतला तरी ओल धरत नाही. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली घागरीसारखं पोट. आतून शेणानं सारवायचं, उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. हळद वर्षानुवर्षं आत राहायची, ना कीड ना भुंगा. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आत हवा नसते, काही तास उघडं ठेवावं लागे. सांगलीच्या हळदबाजाराचं हे भूमिगत कोठार. २००५ च्या महापुरानं पेवांत पाणी घातलं. हळद कुजली आणि माल ठेवणाऱ्यांचा विश्वासही गेला. आता व्यापारी गोदामाला, शीतगृहाला माल देतात. मला पेव दाखवणाऱ्या काकांनी बाभळीच्या काट्याखालचं एक बुजलेलं तोंड काठीनं टोकरून दाखवलं. पंचनाम्यात याचं काय लिहिलं, असं विचारलं तर म्हणाले, "हळद लिवली. पेवाला रकाना कुठं हुता?"

दुसऱ्या दिवशी अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते. वाडीला मात्र पुराची भीती नाही, निदान पहिल्या टप्प्यात तरी नाही. पाणी देवळात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की तो दक्षिणद्वार सोहळा, आणि त्या पाण्यात स्नान करायला कोल्हापूर-बेळगावपासून माणसं धावत येतात. मी पोचलो तेव्हा पाणी पादुकांच्या बरंच खाली होतं आणि पेढेवाले थोडे हिरमुसले होते. उत्सवमूर्ती वर हलवायची कधी, दुकानं कधी उचलायची, हे इथं पिढ्यांचं ठरलेलं. जिथं नदीनं यावं असंच गृहीत धरून गाव वसलं, तिथं हाल कमी. एकोणीसनं वाडीलाही सोडलं नाही ही गोष्ट वेगळी. कोल्हापूरकडं तर एकवीस साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी छप्पन्न फुटांवर गेलं, एकोणीसपेक्षाही वर. म्हणजे तिकडं एकोणीसची रेघही दोन वर्षांतच जुनी झाली.

कुरुंदवाडवरून सैनिक टाकळीमार्गे खिद्रापूर. कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ, अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, वर गोल उघडं आकाश, यावर भरपूर लिहिलं गेलंय. पूर इथंही येऊन गेला. देवळामागच्या आळीत एका घराचं बांधकाम चालू होतं. जोतं माझ्या खांद्याच्या वर, त्याला चढायला दहा-बारा पायऱ्या, आणि वर दोनच खोल्या. मालक स्वतः विटा देत होते. जुनं मातीचं घर एकोणीसला बसलं, तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये राहिले.

जोत्याची उंची कशी ठरवली, मी विचारलं.

"एकोणीसची खूण धरली आणि वर दोन फूट घेतलं."

"दोनच का? त्याहून वर आलं तर?"

त्यांनी गवंड्याकडं बघितलं, गवंडी हसला.

"आवो, चार घ्यायचं हुतं. पैसं दोन फुटापुरतंच हुतं." आणि पुढची वीट वर दिली.