टेबलाची कड

टेबलावर खेळायच्या अंतराळयुद्धाच्या खेळांत मला वर्षानुवर्षं एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे टेबलाची कड. अंतराळाला कुठली आलीय हद्द? ‘स्टार वॉर्स : एक्स-विंग’मध्ये यानाचा तळ तीन फुटी चटईबाहेर जरासा जरी गेला तरी यान बाद. या नियमाचा मला मनापासून राग होता. टेबल होईल तेवढं मोठं घ्यावं, तेही पुरेना झालं तर सगळी यानं सारख्याच अंतराने मागे सरकवून खेळ चालू ठेवावा, असं मी हिरिरीने सांगत असे. आज माझं ते मत राहिलेलं नाही. टेबलाचं माप हा खेळातला सर्वांत पहिला नियम आहे, असं मी आता मानतो.

हा बदल ‘फुल थ्रस्ट’ने घडवला. जॉन टफ्ली यांचा हा ब्रिटिश खेळ 1990च्या दशकाच्या सुरुवातीचा. प्रत्येकाने आपल्या यानांचे हुकूम गुपचूप कागदावर लिहायचे आणि मग सगळी यानं एकदम हलवायची. दिशा घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे, बारा. आधीच्या फेरीतला वेग पुढच्या फेरीत तसाच राहतो, तो कमी-जास्त करायचा तर इंजिनाची ताकद, म्हणजे थ्रस्ट, खर्चावी लागते. शिवाय त्या ताकदीतली निम्मीच वळण्यासाठी वापरता येते. म्हणजे थ्रस्ट 4चं यान एका फेरीत दोनच घरं, म्हणजे घड्याळाचे दोन आकडे, वळणार, एक सुरुवातीला आणि एक अर्ध्या वाटेत.

आता हे यान 24च्या वेगाने, म्हणजे फेरीला 24 इंच, चाललंय आणि त्याला उलट फिरायचंय, असं धरा. सहा घरं वळायची, म्हणजे तीन फेऱ्या. मी हा वळसा कागदावर आखून पाहिला. यान मूळ रेषेपासून जवळजवळ 45 इंच बाजूला जातं. आमचं टेबल सहा फूट बाय चार फूट, म्हणजे रुंदी 48 इंच. एक वळसा घेतला की टेबल संपलं! साहजिकच आमच्याकडे कुणी दहाच्या वर वेग ठेवतच नसे. सगळी यानं मधोमध येऊन रेंगाळायची आणि ज्याच्या तोफा जास्त तो जिंकायचा. याच खेळाच्या ‘फ्लीट बुक’च्या नियमांत थ्रस्टच्या प्रत्येक आकड्यासाठी यानाच्या वस्तुमानाचे 5 टक्के द्यावे लागतात. थ्रस्ट 6च्या यानाचे 30 टक्के इंजिनातच गेले आणि त्या इंजिनाला धावायला जागाच नाही. मी मात्र दोष देत होतो तो हालचालीच्या नियमांना.

मग आमच्यातल्या एकाने इंचाऐवजी सेंटिमीटर धरायचं सुचवलं. खेळात तशी मुभा आहेच. टेबल तेच, यानं तीच, पण तो 45चा वळसा आता 122 सेंटिमीटरांच्या रुंदीत आरामात बसला. त्या संध्याकाळी हलकी, वेगवान यानं पहिल्यांदा शत्रूच्या पाठीमागे पोचली, जिथे त्याच्या पुढे रोखलेल्या तोफांचा मारा पोचत नाही. नियमाचं एक अक्षरही बदललं नव्हतं.

इथवर माझ्या जुन्या मताला, मोठं ते चांगलं याला, बळच मिळत होतं. ते डळमळलं ‘स्टार फ्लीट बॅटल्स’मुळे. 1979च्या या खेळात गॉर्न आणि रोम्युलन या दोन बाजूंचं मुख्य अस्त्र प्लाझ्मा टॉर्पेडो. तो जितका लांब जातो तितका क्षीण होत जातो. म्हणून तो सुटला की पाठ फिरवून पळायचं, हा त्यावरचा ठरलेला उतारा. नकाशा तरंगता असेल, म्हणजे मी सुचवत होतो तसा सरकवत राहायचा असेल, तर पळणाऱ्याला अडवणारं काहीच नसतं. नकाशा पक्का असेल तर तो कोपऱ्यात सापडतो. कड काढून टाकणं हा निव्वळ वास्तवाचा आग्रह आहे असं मी समजत होतो. प्रत्यक्षात तो एका बाजूला दिलेला भक्कम फायदा आहे. कबड्डीचं मैदान दुप्पट करा, चढाई करणाऱ्याला कुणी पकडू शकणार नाही.

तेव्हापासून मला एक्स-विंगची तीन फुटी चटईही वेगळी दिसू लागली. सर्वांत लांब सरळ चालीत छोटं यान आपल्या तळासकट 24 सेंटिमीटर पुढे जातं, आणि चटई आहे जेमतेम 91 सेंटिमीटरची. तोफेचा पल्ला 30, म्हणजे तिचा एक तृतीयांश. मध्ये लघुग्रह. अशा जागेत गर्रकन उलटं फिरलात की यानावर ताण येतो, आणि ताण असताना पुढची चाल अवघड प्रकारातली घेता येत नाही. कड जवळ असेल तर तबकडीवर चाल निवडताना हात खरोखर थबकतो. ही कोंडी चटई मोठी केली की विरून जाते. म्हणून मी आता ती चटई कुणाला वाढवू देत नाही.

तरी कड हवीच असंही मी म्हणणार नाही. 1973च्या ‘ट्रायप्लॅनेटरी’त सूर्य आणि त्याभोवतीच्या ग्रहांचा नकाशा असतो. यानाचा मार्ग त्यावर पेन्सिलीने आखायचा, आणि दिशा किंवा वेग बदलायला इंधन लागतं. तिथे कडेकडे कुणाचं लक्षही जात नाही, कारण मंगळावर पोचायचं असतं आणि पोचल्यावर थांबण्याइतकं इंधन उरवायचं असतं. अलीकडे मीही फुल थ्रस्टच्या डावात मध्यभागी एक ग्रह ठेवतो. ज्याची जास्त यानं सहाव्या फेरीअखेर त्याच्याजवळ, तो जिंकला. अशा डावात टेबल इंचांत मोजावं की सेंटिमीटरांत, यावर आमचा वाद अजून चालू आहे, आणि माझं मत सध्या सेंटिमीटरकडे झुकतंय.