ताल न धरता ऐकलेले गाणे

ज्या गाण्याला शब्द नाहीत, ज्यावर ताल धरता येत नाही, ते ऐकायला पैसे मोजून कोण जाते, असे कचेरीतल्या सहकाऱ्यांनी आम्हाला विचारले. वाचकहो, आम्ही गेलो. २०२४ च्या जून महिन्यात पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता अमेरिकेत होतो. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ‘व्हिजन फेस्टिव्हल’ भरला होता. त्यातल्या दोन संध्याकाळी आम्ही हजर राहिलो. तिकिटाचे रुपयांत गणित करायचे नाही, असे पुतण्याने आधीच बजावले होते.

डबल बास वाजवणारे विल्यम पार्कर आणि त्यांच्या पत्नी, नर्तिका पॅट्रिशिया निकोल्सन, यांच्या पुढाकाराने हा महोत्सव १९९६ साली सुरू झाला. मुक्त जॅझ वाजवणाऱ्यांना बडे क्लब उभे करीत नसत, म्हणून कलावंतांनीच आपले व्यासपीठ उभारले. ही रीत त्यांच्यात जुनी आहे. १९६५ मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय वादकांनी स्वतःची संस्था काढली आणि पुढे मुलांसाठी मोफत संगीतवर्गही चालवले. वर्गणीची पावती फाडण्यात आणि सभेच्या खुर्च्या लावण्यात ज्यांची वर्षे गेली, त्या आमच्यासारख्यांना ही हकिकत आधी भिडली, संगीत नंतर.

सभागृहाचे नाव ‘रूलेट’. अटलांटिक अॅव्हेन्यूवर वाय.डब्ल्यू.सी.ए.च्या जुन्या इमारतीत ते आहे. पहिल्या संध्याकाळी पार्कर यांचाच जीवनगौरव होता.

मुक्त जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणे, असा समज आहे. १९६० साली ऑर्नेट कोलमन यांनी चार-चार वादकांचे दोन ताफे एकत्र बसवून ३७ मिनिटे सलग वाजवून घेतले. त्या तबकडीचे नाव ‘फ्री जॅझ’ आणि तेच या प्रकाराला चिकटले. आपला ढोलकीवाला सम दाखवतो, तशी इथे कोणी दाखवत नाही. ड्रमवाला ठेका देत नाही, तो नुसता जोर देतो. सॅक्सोफोनवाला श्वास संपेपर्यंत फुंकतो, मग सूर फाटतो, किंचाळतो. मात्र नीट पाहिले की कळते, एकाचे डोळे सतत दुसऱ्याच्या हातांकडे असतात. बास थांबला की बाकीचे त्याच क्षणी आवाज खाली आणतात. हे तबकडीवरून कळणार नाही, समोर बसूनच कळते.

आमची सहचारिणी बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, “मयताच्या घरी बाया जमून रडतात ना, तसं वाटतंय. प्रत्येकीचं रडणं निराळं, पण दुःख एकच.” आम्ही पुस्तकातून वाचून गेलो होतो, ती न वाचता आली होती. तिचे म्हणणे आम्हाला जास्त पटले.

सगळेच आवडले असे नाही. एका जोडीने नुसती यंत्रे लावून घरघर काढली, तेव्हा आम्ही बाहेर येऊन कॉफी घेतली. दुसरे एक खटकले. मंचावर बरेच जण कृष्णवर्णीय, तर समोर बहुतेक गोरी, पिकल्या केसांची मंडळी. ज्या वस्तीतून हे गाणे निघाले, ती वस्ती श्रोत्यांत फारशी दिसली नाही. हे दुखणे आपल्याला नवे नाही.

मध्यंतरात शेजारच्या एका वृद्ध श्रोत्याने हेन्री ग्राइम्स यांची गोष्ट सांगितली. सॉनी रोलिन्स, अल्बर्ट आयलर, सेसिल टेलर अशा थोरांबरोबर बास वाजवलेला हा माणूस १९६०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसला गेला आणि बास विकून दिसेनासा झाला. मेला, असेच सगळ्यांनी धरले. तो झाडलोट, राखणदारी, मिळेल ती मजुरी करीत एका खोलीत राहत होता. २००२ मध्ये जॅझची आवड असलेल्या एका समाजकार्यकर्त्याने त्याला शोधून काढले. ग्राइम्सजवळ तेव्हा वाद्यच नव्हते. पार्कर यांनी हिरवट रंगाचा एक बास पाठवला. पुढच्याच वर्षी ग्राइम्स या महोत्सवात वाजवायला उभे राहिले. २०१६ चा जीवनगौरव त्यांचा झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीत, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले.

तीस-पस्तीस वर्षे माणूस जिवंत आणि कोणाला पत्ता नाही! आमच्या भागातल्या गायन पार्ट्यांत ज्यांनी रात्र रात्र पेटी, ढोलकी वाजवली, त्यांना पेन्शन कसली आणि फंड कसला?

परतल्यावर मंडळाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. जुन्या वादकांची नावे, पत्ते आणि त्यांचे वाद्य सध्या कोणाकडे आहे, एवढे तीन रकाने आखून एक वही केली. आजवर अकरा नावे झाली आहेत. त्यांतल्या चौघांच्या तिसऱ्या रकान्यात ‘विकले’ असे लिहावे लागले.