कोरडं रेशन

गेल्या महिन्यात रात्री एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "जयहिंद सर, मैं पौड़ी से बोल रहा हूँ." वडिलांचं नाव सांगितल्यावर ओळख पटली. २०११ च्या हिवाळ्यात सेला खिंडीपलीकडे हवालदार साहेब माझ्या कंपनीत होते. ते गेले, त्याला वर्ष होत आलं होतं. बरसीला भिंतीवर लावायला घरच्यांना त्यांचा वर्दीतला फोटो हवा होता. "आपने पेनड्राइव्ह दिया था सर. पर उसमें से फोटो कभी खुले ही नहीं."

मला सगळं आठवलं. ते पेन्शनवर निघाले तेव्हा कंपनीच्या चहापानात मी मोठ्या ऐटीत तो पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला होता. "सगळे ओरिजिनल आहेत, जपून ठेवा." त्यांनी खरंच जपले. मेडल्सबरोबर ट्रंकेत ठेवले. गावच्या स्टुडिओवाल्याने दोनदा हात टेकले, तरी "साहेबांना कसं सांगायचं" म्हणून ते गप्प राहिले.

माझा कॅमेरा निकॉन डी-९०. त्याच्या रॉ फाइलचं नाव 'एनईएफ'. गंमत म्हणजे आम्ही होतो तो मुलूखही १९७२ पर्यंत 'नेफा'च म्हणवला जायचा. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेला प्रकाश, फारशी प्रक्रिया न केलेला. पलटणीच्या भाषेत सांगायचं तर कोरडं रेशन. जेपेग म्हणजे लंगरमध्ये शिजलेलं ताट, कोणाच्याही फोनवर उघडणारं. मी हवालदार साहेबांना पीठ-डाळ बांधून दिली होती आणि जेवू घातलं असं समजून बसलो होतो.

जुनी हार्ड डिस्क काढली. फोटो सापडला, पण चेहरा काळाठिक्कर. बर्फात असंच होतं. कॅमेऱ्याला समोरचं सगळं करड्या रंगाचं वाटतं, म्हणून तो प्रकाश कमी घेतो. बर्फ मळकट दिसतो आणि माणूस अंधारात जातो. इथे मात्र कोरडं रेशनच कामी आलं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये ४०९६. सावलीत दडलेलं बरंच काही त्यात शिल्लक असतं.

'डार्कटेबल' हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं. आधी मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवली. एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवलं, व्हाइट बॅलन्समधून सावलीतला निळेपणा काढला. हळूहळू टोपीखालून डोळे वर आले, मग गालावरची थंडीने तडकलेली कातडी, मग ते अर्धं हसू. मी माउस सोडून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मग १२ बाय ८ इंची प्रिंटसाठी ३६०० बाय २४०० पिक्सेल, एसआरजीबी रंग, क्वालिटी ९५, असं जेपेग काढलं. फाइलसोबत जाणारी जादा माहिती पुसून टाकली; सीमेवरच्या फोटोंना ही सवय बरी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर ते आणखी दाबलं जातं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. आईने फोन हातातून सोडलाच नाही म्हणाला. नवऱ्याचा बर्फातला चेहरा ती पहिल्यांदाच बघत होती. मला धन्यवाद देत होता आणि इकडे मला लाज वाटत होती. ज्यांना दाखवायला हवा होता, ते आता नव्हते.

रॉ आपल्यापाशी ठेवावी, जुन्या काळच्या निगेटिव्हसारखी, दोन वेगळ्या जागी. समोरच्याला द्यायचा तो फोटो, त्याच्या घरी उघडेल असा.

त्या दोन वर्षांत मी आणखी सात जणांना असेच पेनड्राइव्ह दिले होते. चौघांचे नंबर मिळालेत. आज रविवार आहे, डिस्क जोडून बसलोय.