पट्टा लोंबतोय

आपल्या मेसची भाजी घेऊन रोज सकाळी सहाच्या सुमारास एक पिकप येते. हॉस्टेलमधल्या बहुतेकांनी ती कधी पाहिलेली नसेल. कारण त्या वेळी निम्मी जनता नुकतीच झोपलेली असते आणि उरलेली निम्मी उठलेली नसते. मला मात्र गेल्या वर्षापासून सवय लागली आहे. गाडी आली की मी खाली उतरतो, ड्रायव्हरकाकांना राम राम करतो आणि आधी त्यांच्या सीटबेल्टकडे बघतो. रूममेट म्हणतो, "तुला वेड लागलंय." लागलं असेल. ते कसं लागलं, तेच सांगायला हा लेख.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ. घरची थोडी शेती आणि आप्पांची पिकप. टोमॅटोच्या सीझनमध्ये रात्री क्रेट भरायचे, माळशेज घाट उतरून पहाटे कल्याणचं मार्केट गाठायचं, दुपारपर्यंत परत. माझी फी, हॉस्टेल, मेसबिल, सगळं त्या गाडीवर. गाडीचे हप्तेही त्याच गाडीवर!

आप्पा आधी पट्टा लावत नसत. नाका आला की खांद्यावरून नुसता आडवा धरायचा आणि नाका गेला की सोडायचा, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत. मी इंजिनिअरिंगला आलो आणि प्रत्येक सुट्टीत त्यांच्या मागे लागलो. शेवटी कटकट नको म्हणून ते लावायला लागले. मला फार अभिमान वाटला होता त्याचा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी ओसरीवर खाटेवर पडून मोबाईल बघत होतो. आप्पा गाडी धुऊन आले आणि म्हणाले, "आरं, ह्यो पट्टा आत जातच नाही बघ. गळ्यात माळ घातल्यागत नुसता लोंबतोय. ब्रेक मारला तरी धरत नाही."

मी तेव्हा नुकतीच टीओएमची ओरल देऊन आलो होतो. रॅचेट आणि पॉल अगदी ताजं होतं. मी पडल्यापडल्याच सांगितलं, "आप्पा, ते तसंच असतं. साध्या ब्रेकला नाही धरत. जोरात झटका बसला की आपोआप लॉक होतो."

"शोरूमवालाबी तेच म्हणला," आप्पा म्हणाले आणि विषय संपला.

मी खाटेवरून उठलो नाही. गाडी दहा पावलांवर उभी होती.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, आपलाच विषय आहे. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा पट्टा नील्स बोहलिन या स्वीडिश इंजिनिअरने व्होल्वो कंपनीत असताना 1959 साली आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. आज आपण लावतो तो पट्टा एका रिळावर गुंडाळलेला असतो. एक स्प्रिंग त्याला सतत आत ओढत असते. रिळाला दात असतात आणि ते अडवायला दोन वेगवेगळ्या युक्त्या असतात. एक म्हणजे वाटीत ठेवलेली छोटी गोळी. गाडीचा वेग एकदम कमी झाला की गोळी वाटीतून वर सरकते, वरचा खटका उचलते आणि रीळ अडतं. दुसरी युक्ती पट्ट्याच्याच वेगावर चालते. पट्टा झटक्याने बाहेर आला की रीळ अडतं. म्हणून आपण हाताने हिसका दिला की 'खट्' होतं.

यात एक गोम आहे, ती मला ओरलच्या वेळी ठाऊक नव्हती. युरोपच्या ज्या नियमावलीचा जगभर आधार घेतला जातो, तिच्यात साध्या कारच्या रिळाने 0.45 जी इतक्या मंदनाला अडलं पाहिजे असं आहे. मालवाहू गाड्यांसाठी मात्र कमी संवेदनशील रीळ चालतं, त्याची मर्यादा 0.85 जी. खराब रस्त्यावर पट्टा सारखा अडत राहिला तर ड्रायव्हर तो लावणारच नाही, असा त्यामागचा विचार. म्हणजे भरलेल्या पिकपने करकचून ब्रेक मारला तरी गोळी हलेलच असं नाही. तेव्हा "ब्रेकला धरत नाही" यावर मी दिलेलं उत्तर पुस्तकाप्रमाणे चूक नव्हतं. पण आप्पांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पट्टा आत जात नाही, ही पहिली. ती कुठल्याच पुस्तकात 'नॉर्मल' नाही. तेवढीच मी ऐकली नाही.

जुलैत, भर पावसात, आप्पा माल घेऊन घाट उतरले. टोकावड्याच्या अलीकडे रस्त्यात एक ट्रक बंद पडून उभा होता. मागचा दिवा नाही, फांदी ठेवलेली नाही. दिसला तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक मारूनही धडकताना चाळीसचा वेग असावा, असं आप्पा म्हणतात. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. गणित केलंत तर सहा मीटरवरून खाली पडल्याइतका मार येतो. आपल्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्याची गॅलरी साधारण तेवढीच उंच आहे.

शेजारी गावातलाच एक पोरगा होता. त्याच्या पट्ट्याने त्याला धरलं. खांद्यावर काळानिळा वळ उठला, बाकी काही नाही. आप्पांच्या पट्ट्याने सोडून दिलं. छाती स्टिअरिंगवर आदळली, तीन बरगड्या मोडल्या, गुडघा फुटला. पट्टा लावलेला होता. मदतीला धावलेल्या लोकांनी बकलचं लाल बटण दाबूनच त्यांना बाहेर काढलं. एकच गाडी, एकच धडक, दोन पट्टे.

मी कल्याणच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा आप्पांना नीट श्वास घेता येत नव्हता. तरी मला बघून म्हणाले, "लावला हुता रं मी पट्टा." जसं काही मी त्यांना रागावणारच होतो!

चार महिने गाडी बंद. हप्ते थकले, आईच्या बांगड्या पतपेढीत गेल्या. ते रडगाणं इथे गात नाही. पुढचा मूर्खपणा सांगतो.

गाडी दुरुस्त करताना गॅरेजवाल्याने पट्ट्याचं जुनं रीळ काढून दिलं. मी ते खताच्या पिशवीत घालून हॉस्टेलवर आणलं आणि वर्कशॉपमध्ये उघडलं. आतली स्प्रिंग फणा काढल्यासारखी अंगावर आली, बोट थोडक्यात वाचलं. आत काय होतं? लाल माती, टोमॅटोचा वाळलेला चिखल आणि गंज. गोळी वाटीत चिकटून बसलेली. झटक्याला चालणारा दुसरा खटकाही गंजून जाम. पट्ट्याच्या मंजुरीच्या चाचण्यांमध्ये रीळ धुळीत ठेवून बघण्याचीही चाचणी असते, असं मी नंतर वाचलं. मग ही धूळ आत गेली कशी? झाकण मुळातच नीट बसलं नव्हतं, की आम्ही पाइपाने गाडी धुताना पाणी मारलं म्हणून, की कधी कुणी रीळ काढून वेडंवाकडं बसवलं होतं?

मी मोठ्या उत्साहाने ते तुकडे आमच्या सरांना दाखवले. सरांनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "उघडण्याआधी फोटो काढलेस? कोणासमोर उघडलंस?" मी गप्प. "मग आता दोष कारखान्याचा, गॅरेजचा की तुमचा, हे कोणीही सांगू शकणार नाही. पुरावा तू स्वतःच संपवलास." सर रागावले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

मग सर्व्हिसिंगची जुनी जॉब कार्डं काढून बघितली. आप्पा पट्ट्याबद्दल दोनदा बोलले होते, काउंटरवरच्या माणसाशी. दोन्ही कार्डांवर इंग्रजीत लिहिलंय: ऑइल चेंज, ग्रीसिंग, जनरल चेकअप. पट्ट्याचा शब्द नाही. खाली आप्पांची सही. कागदोपत्री आमच्या पट्ट्याची कधी तक्रारच नव्हती.

त्याच सुमारास मी अमेरिकेतलं एक प्रकरण वाचलं. तिथली सगळ्यात खपाची पिकप म्हणजे फोर्डची एफ-150. तिच्या पट्ट्याला प्रीटेन्शनर असतो, म्हणजे धडक बसताच छोटा स्फोट करून पट्टा घट्ट ओढणारं यंत्र. काही गाड्यांत या स्फोटाच्या ठिणग्या जास्त पडत आणि दाराच्या खांबातलं अस्तर पेट घेई. तिथल्या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेकडे पाच जणांनी आगीच्या तक्रारी नोंदवल्या. फक्त पाच! ऑगस्ट 2018 मध्ये चौकशी सुरू झाली आणि सप्टेंबरात कंपनीने 2015 ते 2018 या मॉडेलच्या सुमारे 20 लाख गाड्या परत बोलावल्या. कंपनीने स्वतः नोंदलेल्या घटना अमेरिकेत 17 आणि कॅनडात 6. त्यात कोणी जखमी झाल्याची नोंद कंपनीकडे नव्हती. आणि दुरुस्ती काय? खांबातलं अस्तर आणि वायरिंगवरची टेप काढायची, कार्पेटच्या अस्तराला उष्णतारोधक टेप लावायची. बस्स.

हे वाचून मला अमेरिकेचं कौतुक वाटलं असं नाही. तिथेही कंपन्या काही हौसेने गाड्या परत बोलावत नाहीत. मला त्या पाच जणांचं कौतुक वाटलं. धडक झालेली, गाडी जळालेली, तरी त्यांनी बसून नंबर, तारीख, कुठून धूर आला, सगळं लिहून पाठवलं. आमचं काय झालं? एक माणूस बोलला आणि दोघांनी त्याला "तसंच असतं" म्हणून परत पाठवलं. त्यातला एक त्याचा मुलगा होता.

आपल्याकडेही आता सोय आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने गाड्या परत बोलावण्याचं कलम आलं आणि एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल तर मालक सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक संख्येवर गेल्या की चौकशी होते. म्हणजे प्रत्येक तक्रार मोजली जाते, पण ती लिहिलेली असेल तरच.

उलट पट्टा न लावण्यासाठी आपण काय काय शोधून काढतो बघा. बकलमध्ये नुसती क्लिप खुपसून अलार्म बंद करायचा. अशा क्लिपच्या 13,118 जाहिराती 2023 साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशाने ऑनलाइन दुकानांवरून काढाव्या लागल्या. आणि गॅदरिंगच्या वेळी आपण सगळे पिकपच्या हौद्यात उभे राहून बोंबलत सामान आणायला गेलो होतो, त्यात मीही होतो. असो.

आप्पा आता बरे आहेत, गाडी चालवतात. नवा पट्टा आहे. दिवाळीत मी एकदाचं सांगून टाकलं, "आप्पा, मे महिन्यात मी उठून बघायला पायजे होतं." ते क्रेट रचत होते. मागे न बघता म्हणाले, "तू शिकलेला, तू म्हणलास म्हणून मी निर्धास्त झालो. जाऊ दे आता." त्यांनी सहज म्हटलं. मला मात्र अजून ते वाक्य झोपू देत नाही.

मित्रहो, वर्षा-दोन वर्षांत आपल्यातले काही जण अशाच काउंटरच्या पलीकडे बसतील, काही डिझाइनला जातील. कोणीतरी चिखलाच्या पायांनी येऊन सांगेल, "सायेब, हे धरत नाही." त्या वेळी पाठ केलेलं उत्तर देऊ नका. उठा, बघा आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि घरी गाडी असेल तर या सुट्टीत एवढं करा: पट्टा पूर्ण बाहेर ओढून कुठे विरलाय का बघा, सोडल्यावर आपोआप आत जातो का बघा, हिसका द्या, बकल लावून ओढून बघा. काही वेगळं वाटलं तर रीळ स्वतः उघडू नका (मी उघडलं ते पुरे!), फोटो काढा आणि जॉब कार्डवर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

आपल्या मेसच्या पिकपचा पट्टा सीटमागे गाठ मारून ठेवलेला होता. आत जात नाही म्हणून. काकांना मी गेल्या महिन्यात मराठीत अर्ज लिहून दिला: गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, काय होतं ते. ते शोरूममधून पोच घेऊन आले आणि मला दाखवायला सकाळी सहाला थेट रूमवर आले. रूममेटने शिव्या घातल्या.

पट्टा अजून बदललेला नाही. पण कागदावर आता लिहिलेलं आहे: चालकाचा पट्टा आत जात नाही. खाली शिक्का आहे. उद्या सकाळी परत विचारणार आहे.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी