टोपलीभर माती आणि सरते वर्ष

डिसेंबर सरत आला की घरोघरी दोन कामे हटकून निघतात. भिंतीवरचे जुने कॅलेंडर उतरवायचे आणि नव्या वर्षाचा संकल्प करायचा. संकल्प बहुधा सोपे असतात. पहाटे उठायचे, गोड कमी करायचे, रोज चार ओळींची रोजनिशी लिहायची. अवघड असते ते सरलेल्या वर्षाकडे वळून पाहणे. कुठे चुकलो, कुणाला दुखावले, कोणत्या क्षणी कच खाल्ली, याचा हिशेब कुणी लिहून ठेवत नाही. असा हिशेब मांडायला चार दिवस घराबाहेर पडावेसे वाटलेच, तर नेहमीची थंड हवेची ठिकाणे सोडून एकदा छत्तीसगडच्या रायपूरला जाऊन यावे. तिथे बर्फ नाही, समुद्र नाही. पण आपली चूक उरावर घेऊन एक माणूस कसा जगला आणि कसा वाढला, याची एक मराठी कहाणी या शहराच्या गल्ल्यांत आहे.

तळ्यांचे आणि धानाचे गाव

रायपूर 1 नोव्हेंबर 2000 पासून छत्तीसगडची राजधानी आहे. स्टेशनबाहेर पडले की मोठाले रस्ते, उड्डाणपूल, दुकानांच्या झगमगत्या पाट्या दिसतात. पण जरा आत शिरावे. जुन्या वस्त्यांची नावे ऐकूनच गाव ओळखीचे वाटू लागते. बूढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा. पारा म्हणजे आपला मोहल्ला, आपली आळी. मधूनमधून तळी. त्यातल्या तेलीबांधा तलावाच्या काठाला रायपूरकर हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात आणि संध्याकाळी तिथे पोराबाळांसह फिरायला येतात.

डिसेंबरात सकाळी अंगावर शाल लागते, दुपारी ऊन हवेहवेसे वाटते. शेतातले धान कापून झालेले असते. गावाबाहेरच्या रस्त्यांवर धानाच्या पोत्यांनी लादलेल्या गाड्यांची रांग दिसते. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ का म्हणतात, ते या दिवसांत वेगळे सांगावे लागत नाही. सकाळच्या न्याहारीला तांदळाच्या पिठाचा चीला किंवा वाफवलेला फरा आणि सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी मिळाली, की मराठी माणसाला धिरड्याची आणि उकडीची आठवण होतेच.

मराठी माणसाचे हे नाते आजचे नाही. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात आले. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला राहून इथला कारभार पाहिला. इंग्रजांनी 1818 नंतर कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्याने रायपूरचे तोंड पुढेही कितीतरी वर्षे नागपूरकडेच राहिले. कारकुनी, वकिली, मास्तरकीच्या निमित्ताने मराठी घरे आली आणि रुजली. 1935 मध्ये स्थापन झालेले इथले महाराष्ट्र मंडळ आजही चौबे कॉलनीत आहे.

बैलगाडीतला मुलगा

फेरफटक्याची सुरुवात बूढातालाबापासून करावी. तळ्याच्या मधोमध स्वामी विवेकानंदांचा ध्यानस्थ बसलेला भव्य पुतळा आहे आणि तळ्याचे आजचे नाव विवेकानंद सरोवर. विमानतळालाही स्वामीजींचेच नाव आहे. पाहुण्याला प्रश्न पडतो, कोलकात्याच्या या संन्याशाचा रायपूरशी काय संबंध?

संबंध बालपणाचा आहे. 1877 मध्ये वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला होते. त्यांनी कुटुंबाला बोलावून घेतले. नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. रेल्वे रायपूरपर्यंत आलेली नव्हती, त्यामुळे शेवटचा लांबलचक प्रवास जंगलातून बैलगाडीने झाला. वाटेत डोंगराच्या कपारीत त्याला एक प्रचंड मोठे मधाचे पोळे दिसले. मधमाश्यांच्या त्या राज्याचा विचार करता करता मुलगा इतका हरवून गेला, की बऱ्याच वेळाने भानावर आला तेव्हा गाडी कितीतरी पुढे गेली होती. पुढे स्वामीजींच्या चरित्रांत हा प्रसंग त्यांच्या पहिल्या ध्यानमग्नतेचा म्हणून सांगितला गेला.

गंमत म्हणजे रायपुरात तेव्हा त्याच्या जोगी शाळाच नव्हती. सुमारे दोन वर्षे मुलगा घरीच होता. आजच्या पालकांना यावर झोप लागणार नाही! पण त्या घरी वडिलांकडे विद्वान मंडळी येत, वाद रंगत आणि मुलालाही मत विचारले जाई. स्वयंपाकाची गोडीही त्याला तिथेच लागली. 1879 मध्ये दत्त कुटुंब कोलकात्याला परतले. वरवर वाया गेलेली वाटावीत अशी ही दोन वर्षे. वर्षाअखेरीस आपण ‘यंदा काहीच झाले नाही’ म्हणतो, तेव्हा हे शाळेविना गेलेले दिवस आठवावेत.

तात्यापाऱ्यातले सप्रे

बूढातालाबाच्या जवळच एक जुनी शाळा आहे. नाव माधवराव सप्रे शाळा. महाराष्ट्रात हे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदीच्या अभ्यासकांना मात्र ते आदराने घ्यावे लागते.

माधवरावांचा जन्म 19 जून 1871 रोजी आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यात, पथरिया या गावी झाला. घर मराठी. शिक्षण बिलासपूर आणि रायपूरला. पुढे पदवीधर झाल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती, पण तिकडे ते वळले नाहीत. पेंड्रा या आडगावी तिथल्या राजकुमारांचे शिक्षक म्हणून राहिले आणि तिथूनच जानेवारी 1900 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनाला सोबत रामराव चिंचोलकर, तर प्रकाशनाची बाजू वामनराव लाखे यांची. तीन मराठी माणसांनी मिळून काढलेले हे छत्तीसगडचे पहिले नियतकालिक! वर्गणीदार कमी, खर्च जास्त. तीन वर्षे कशीबशी रेटून 1902 च्या अखेरीस ते बंद करावे लागले. लाखे पुढे रायपूरच्या सहकार चळवळीचे आधारस्तंभ झाले. शहरातले लाखेनगर त्यांच्याच नावाचे.

त्या मासिकात 1901 मध्ये माधवरावांनी एक छोटी कथा लिहिली, ‘एक टोकरी भर मिट्टी’. हिंदीतली पहिली आधुनिक कथा म्हणून अनेक जण तिचे नाव घेतात. एका जमीनदाराला आपले आवार वाढवायचे असते आणि मध्ये एका गरीब विधवेची झोपडी येते. तो कोर्टकचेऱ्या करून ती बळकावतो. एके दिवशी म्हातारी येते आणि विनवते, नात जेवत नाही, म्हणते आपल्या घरची भाकरी हवी. तेव्हा चूल घालायला झोपडीतली टोपलीभर माती तेवढी नेऊ द्या. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच टोपलीला हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. मग ती शांतपणे म्हणते, एका टोपलीचे हे ओझे पेलवत नाही, तर इथे हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा वाहाल? जमीनदाराचे डोळे उघडतात. तो क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो.

मनावरचे ओझे म्हणजे काय, हे लेखकाने इतक्या सोप्या गोष्टीत सांगितले. सात वर्षांनी तसेच ओझे त्याच्या स्वतःच्या वाट्याला येणार होते.

एक सही

1907 मध्ये माधवरावांनी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. टिळकांचा जहाल विचार हिंदी मुलखात पोचवणारे हे साप्ताहिक सरकारच्या डोळ्यांत सलणारच होते. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली माधवरावांनाही अटक झाली.

तुरुंगाबाहेर कुटुंब हवालदिल झाले. माफी लिहून द्या आणि सुटा, असा घरच्यांचा आग्रह सुरू झाला. त्यात थोरल्या भावाच्या शब्दाचे दडपण सर्वांत मोठे. अखेर माधवरावांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले.

घरच्यांना हायसे वाटले. ज्याच्यासाठी सही घेतली, त्याला मात्र चैन पडेना. गुरुस्थानी मानलेले टिळक मंडालेच्या वाटेवर आणि आपण घरी! वाचक काय म्हणतील, बरोबरीचे काय म्हणतील, यापेक्षा आपण स्वतःला काय सांगायचे, हा प्रश्न मोठा होता. भावाचा दोष म्हणून हात झटकता आले असते. ‘माझा नाइलाज होता’ हे वाक्य तर प्रत्येकाच्या खिशात तयार असते. माधवरावांनी ते वापरले नाही.

ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. वर्ध्याजवळ रामदासी संप्रदायातील एका सत्पुरुषाच्या सहवासात राहिले. माधुकरी मागून जेवले. पदवीधर, नावाजलेला संपादक हातात झोळी घेऊन दारोदार उभा राहिला. दासबोधाची पारायणे झाली आणि त्यातूनच समर्थांचा दासबोध त्यांनी हिंदीत नेला. मग रायपूरला परतून ते तात्यापाऱ्याच्या परिसरात राहिले. मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. गाजावाजा न करता लिहीत राहिले.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ते 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. कर्म टाळू नये, फळाची आशा न धरता ते करीत राहावे, हे सांगणारा हा ग्रंथ टिळकांच्या हयातीतच हिंदीत आणला तो माधवरावांनीच. जो तुरुंग आपल्याला पेलवला नाही, त्याच तुरुंगात जन्मलेला ग्रंथ शब्दाशब्दाने दुसऱ्या भाषेत उतरवताना त्यांच्या मनात काय आले असेल? 1920 मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. संपादक म्हणून नाव मात्र तरुण माखनलाल चतुर्वेदींचे. 1924 मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे सन्मानाने आले. 23 एप्रिल 1926 रोजी रायपुरातच त्यांनी देह ठेवला.

ती सही कधी पुसली गेली नाही. आजही त्यांच्या चरित्रात ती येतेच. पण चरित्र तिच्यापाशी थांबत नाही. चूक झाल्यावर उरलेल्या अठरा वर्षांत माणूस किती काम उभे करू शकतो, हे त्यानंतरची पाने सांगतात.

मागणारेही, देणारेही

रायपूरचा डिसेंबर अशा आठवणींनी भरलेला असतो. दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटणारे सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांना 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात फाशी झाली. जयस्तंभ चौकातून जाताना लोक त्यांचे नाव घेतात. 18 डिसेंबरला गुरू घासीदासांची जयंती. सगळी माणसे सारखी, असे सांगणाऱ्या या संताच्या स्मरणार्थ वस्त्यावस्त्यांत जैतखांबावर पांढरे निशाण चढते आणि मांदरच्या तालावर पंथी नृत्य रंगते.

आणि पौष पौर्णिमेला येतो छेरछेरा. धान घरात आले की मुलेमुली, मोठी माणसेही टोपल्या-पिशव्या घेऊन दारोदार धान मागायला निघतात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही आणि देताना कुणी हात आखडत नाही. श्रीमंताघरचे मूलही मागते, गरिबाघरची आईही मूठभर देते. माधवरावांच्या माधुकरीचा अर्थ या सणात सहज उमगतो. वर्षातून एकदा तरी हात पसरता आला पाहिजे, म्हणजे ताठा आपोआप उतरतो.

संध्याकाळी खारून नदीकाठी महादेवघाटावर जावे. हटकेश्वर महादेवाचे दर्शन घ्यावे आणि पायरीवर थोडे टेकावे. जवळच कुणी आजोबा नातवाला होड्या दाखवीत असतात, नवी नवरी नदीत दिवा सोडत असते. सरत्या वर्षातली आपली एखादी ‘सही’ अशा वेळी आठवते. रागात बोललेला शब्द, भावाशी धरलेला अबोला, भीतीपोटी न घेतलेली बाजू. ती पुसता येत नाही. पण घरी परतल्यावर फोन करता येतो, पत्र लिहिता येते, राहिलेले काम हाती घेता येते. टोपलीला स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय तिचे वजन कळत नाही, हे त्या जमीनदाराला कळले तसे आपल्यालाही कळावे. नव्या कॅलेंडरला खिळा ठोकण्यापूर्वी एवढे झाले तरी पुष्कळ.

जाणाऱ्यांसाठी

रायपूर मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे. नागपूरहून अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर, त्यामुळे विदर्भातून जाणे सोयीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गुरू घासीदासांचे जन्मस्थान गिरौदपुरी पाहायचे असेल तर एक दिवस जास्त ठेवावा. तिथला जैतखांब कुतुबमिनारपेक्षाही उंच आहे. शहरातले महंत घासीदास संग्रहालय 1875 चे. मुलांना ते जरूर दाखवावे.