टपावरच्या दोन सायकली

उन्हाळ्याची सुट्टी आणि बकरी ईद गेल्या काही वर्षांत एकमेकींना लागून येऊ लागल्या आहेत. २०२४ मध्ये ईद १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. दर वर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. पुण्या-मुंबईत स्थिरावलेली बीड जिल्ह्यातली कुटुंबे मग ईद धरून आठ-पंधरा दिवस गावी जातात. त्या दिवसांत नगर रस्त्यावरच्या गाड्यांचे टप पाहावेत. बॅगा, गाद्यांची वळकटी, एखादी पत्र्याची पेटी आणि त्यावर आडवी टाकलेली लहान मुलाची सायकल, तिचे चाक वाऱ्याने गरगर फिरत असलेले. शहरात मुलाला सायकल घेऊन दिलेली असते, पण ती चालवायला रस्ता गावाकडेच मिळतो.

मागच्या वर्षी आम्हीही दोन सायकली नेल्या. एक मुलाची, गिअरची. दुसरी मुलीची. ती कॉलेजात गेल्यापासून जिन्याखाली उभी होती, ती माझ्या भाचीसाठी. माझे माहेर केज तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरेच आत. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा चार किलोमीटरवर, वाटेत वस्ती कमी, आणि एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नाही. भावाने फोनवर एवढेच म्हटले होते, "आपा, बघू. जून तर येऊ दे." या 'बघू'चा अर्थ खेड्यात वाढलेल्या प्रत्येक बाईला कळतो. सातवीनंतर कित्येक मुलींची शाळा अशाच चार किलोमीटरांत संपलेली आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते आणि ती मागायलाच हवी, पण कागदपत्रे होऊन पैसे हातात पडेपर्यंत थांबायला आमची तयारी नव्हती. सायकल शाळा उघडायच्या आत आणि धड अवस्थेत गावात पोहोचायला हवी होती.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. एसटीच्या मागच्या बाजूला लोखंडी शिडी असे. अब्बा सायकल खांद्यावर घेऊन शिडी चढत, टपावरच्या कठड्याला बांधत, आणि कंडक्टर सामानाचे वेगळे तिकीट फाडून देई. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती याच रस्त्यावर, पुणे ते अहमदनगर. तेव्हा आमचा बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आता नव्या गाड्यांना शिडी नाही. वाहून नेण्याचे काम काळीपिवळी जीप आणि क्रूझर करतात, किंवा आपली स्वतःची गाडी.

स्वतःच्या गाडीसाठी कॅरिअर घ्यायला गेले की दुकानदार आधी गाडीचे नाव विचारतो. आपण त्याआधी टप नीट पाहून घ्यावा. अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनी, मारुती ८००, ओम्नी या गाड्यांच्या टपाला दोन्ही कडांनी पावसाच्या पाण्याची पन्हळ असे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत बसवून आवळले की काम झाले. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना ही पन्हळ नाही. काहींच्या टपावर दोन उभ्या दांड्या दिसतात, पण त्यांतही फरक आहे. काही दांड्या टपाला बोल्टने पक्क्या जोडलेल्या असतात, काही नुसत्या शोभेसाठी चिकटवलेल्या. शोभेच्या दांडीला कॅरिअर बांधणे म्हणजे बुजगावण्याच्या हाती राखण देणे. आपली दांडी कोणती, हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. दांडी नसेल, तर दाराच्या चौकटीत पकड घेणारे पाय मिळतात. ते मात्र आपल्याच गाडीच्या मापाचे हवेत, "थोडंसं दाबून बसवतो" म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

त्याच पुस्तिकेत टपावर किती वजन चालते हेही दिलेले असते. लहान गाड्यांना बहुधा ५० ते ७५ किलो. हा आकडा कॅरिअरच्या वजनासकट असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लोखंडी पाइपाचे साधे कॅरिअर स्वतःच बरेच वजन खाते. मुलांच्या सायकली प्रत्येकी १२ ते १६ किलोच्या आसपास असतात. जुनी काळी दांडीची सायकल २० किलोच्याही वर जाते. म्हणजे दोन सायकली चढवल्या की वर पेटी आणि गाद्या नकोत. आमच्या घरी यावर थोडी बोलाचाली झाली. गाद्या राहिल्या.

सायकलींसाठी खास बनवलेले कॅरिअरही मिळते. त्यात सायकल खोबणीत सरळ उभी राहते आणि एक हात तिची दांडी धरून ठेवतो. काहींत पुढचे चाक काढून नुसता चिमटा आवळायचा असतो. ज्यांना दर रविवारी सायकल घेऊन कुठे जायचे असते त्यांना ते सोयीचे. पण उभ्या सायकलीने छोट्या गाडीची उंची पाच फुटांवरून नऊ फुटांच्या आसपास जाते. वडाच्या पारंब्या, रस्त्यावर आडवी बांधलेली स्वागताची कमान, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपल्याच सोसायटीच्या पार्किंगचे छत. थकून घरी आलेला माणूस वर सायकल आहे हे नेमके तिथे विसरतो. मागच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचे कॅरिअर स्वस्त असते, पण त्याने नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. अंधारात तो धोका आहे आणि पोलिसांशी वादही. वर्षातून एकदा-दोनदा गावी जाणाऱ्या कुटुंबाला माझ्या मते साधे, कठड्याचे, सपाट कॅरिअर पुरते. सायकल आडवी ठेवावी. उंची कमी राहते आणि वाराही कमी लागतो. वर्षभर ते कॅरिअर बाकीच्या कामांनाही येते.

आडवी ठेवायची तर थोडी तयारी लागते. हँडलचा बोल्ट ढिला करून हँडल चाकाच्या रेषेत फिरवायचे, म्हणजे ते बाहेर येत नाही. भार गाडीच्या अंगाबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आहे, आणि तो भार तिथेच उतरवण्याचा खर्चही आपलाच. पॅडल काढावीत. उजवे पॅडल नेहमीसारखे उलटे फिरवून सुटते. डाव्याचे आटे विरुद्ध असतात, त्यामुळे ते नेहमी ज्या दिशेने आवळतो त्या दिशेने फिरवून सोडायचे. हे ठाऊक नसले की माणूस अर्धा तास पान्ह्याशी झुंजतो. गिअरची बाजू वर ठेवावी. दोन सायकली असतील तर एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे, आणि मध्ये गोणपाट. टोपली, पाण्याची बाटली, पंप, दिवा, जे जे सुटू शकते ते सगळे खाली गाडीत.

आता बांधणे. हुकाच्या लवचिक दोऱ्यांवर सायकल सोडू नये. त्या ताणल्या जातात आणि धक्क्याला उसळी देतात. भरीला ठीक, भाराला नाही. नायलॉनची दोरी पावसात भिजली की सैल पडते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाचा नेम नसतो. बकलचे पट्टे सर्वांत चांगले, फक्त खटका ओढून ओढून सायकलची दांडी चेपू नये. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्यात फडफडत नाही. आमच्याकडे पट्टे दोनच होते, म्हणून बाकीचे काम दोरीने आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी झाले. ट्यूब घसरत नाही आणि रंगही खरचटत नाही.

दोरीची खरी गाठ मात्र बीड जिल्ह्यात कुणाला शिकवावी लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा ट्रक-ट्रॅक्टरवर अख्खे घर बांधलेले असते. भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी, वर सायकल, आता मोटारसायकलसुद्धा. दोरीच्या मध्यावर एक फास ठेवायचा, टोक कठड्याखालून घेऊन त्या फासातून ओवायचे आणि कप्पीसारखे खाली ओढायचे. हाताच्या जोराला दुप्पट ताण बसतो. मुलांच्या अब्बांना ही गाठ येते. पुढचे आणि मागचे चाक, दांडी आणि सीटखालची नळी अशा चार ठिकाणी त्यांनी प्रत्येक सायकल बांधली, आणि शेवटी कुलपाची साखळी दोन्ही सायकलींतून कॅरिअरला घातली. चहाच्या थांब्यावर चोरी होऊ नये म्हणून, आणि सगळे पट्टे तुटले तरी सायकल टपावरच राहावी म्हणून. मग त्यांनी सायकल धरून जोरात हलवली. सायकलीबरोबर सगळी गाडी डोलली पाहिजे. नुसती सायकल हलली तर पुन्हा सोडून बांधायचे.

एवढा आटापिटा पाहून मुलगा कंटाळला होता. "पडली तर पडली, थांबून उचलू," असे तो म्हणाला. त्याला जे समजावले ते इथेही सांगते. टपावरून सुटलेली सायकल आपल्या गाडीला काही करत नाही. ती मागच्या माणसावर जाते. जामखेडच्या पुढे आपल्या मागे बहुधा ट्रक नसतो, मोटारसायकल असते. तिच्यावर पुढे टाकीवर एक मूल, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरे मूल, आणि कुणाच्याच डोक्यावर हेल्मेट नाही. उंट आधी बांधण्याची ती हदीस आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. टपावरच्या सायकलीपाशी मला ती नव्याने कळली. दोरी आपल्यासाठी जितकी, तितकीच त्या मागच्या अनोळखी कुटुंबासाठी आहे.

वेगाचेही तसेच. ताशी ६० वरून ८० वर गेलो की वाऱ्याचा दाब पावणेदोन पटींहून जास्त होतो. कॅरिअर लावून ८० च्या वर जायचे नाही, असे आमचे ठरले होते. तासभर उशीर झाला. पहिल्या १५ किलोमीटरवर, वाघोलीच्या पुढे, थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळले. नवे बांधलेले सामान पहिल्याच टप्प्यात बसते आणि ढिले होते. नंतर शिरूरला, नगरला आणि जामखेडला. जामखेडला जोहरची कसर नमाज होईपर्यंत मुलाने स्वतःहून वर हात फिरवून पाहिले होते.

हा रस्ता गमतीचा आहे. नगर सोडल्यावर कडा आणि आष्टी लागतात, म्हणजे आपण बीड जिल्ह्यात येतो. लगेच जामखेडला पुन्हा नगर जिल्ह्यात जातो, आणि सौताड्याला परत बीडमध्ये. मुले प्रत्येक वेळी ओरडतात. सौताड्याचा धबधबा जूनच्या आरंभी कोरडाच असतो. तिथून पाटोद्याकडे निघालो की बालाघाटाचे पठार सुरू होते. उघडे माळ, खुरटी सीताफळाची झाडे आणि पवनचक्क्या. पवनचक्क्या दिसल्या की वाहनचालकाने समजून जावे. पावसाआधीचा वारा इथे आडवा येतो. टपावर भार असलेली गाडी एका बाजूला ओढल्यासारखी होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग ६०. मांजरसुंब्याच्या चौकात मात्र थांबावेच लागते, कारण तिथली रबडी. पट्टे पाहण्याचे निमित्त सांगून आम्ही तिथे पाऊण तास काढला.

पुढे नेकनूर, मग केज. गतिरोधक प्रत्येक गावाला एक असे नव्हे, प्रत्येक शाळेला, मंदिराला, मशिदीला आणि चहाच्या टपरीला एक. गतिरोधकावर टपावरचा भार दुप्पट आपटतो, म्हणून गाडी जवळजवळ थांबवून चढवायची. केज सोडून आतल्या रस्त्याला लागलो की नजर खालच्या खड्ड्यांइतकीच वर ठेवायची. घराघरांना खांबावरून नेलेल्या विजेच्या तारा गल्लीत खूप खाली लोंबतात, आणि टपावर लोखंड असते. आम्ही गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी केली आणि सायकली तिथेच उतरवल्या.

टपावर उन्हात राहिलेल्या टायरात हवा फुगते, म्हणून निघताना थोडी कमी ठेवली होती. ती भरली, पॅडल चढवली, हँडल सरळ केले. भाची कट्ट्यावर उभी राहून पाहत होती, हात लावत नव्हती. "फूफी, ही परत न्यायची का?" तिने विचारले. नाही म्हटल्यावर ती सायकल घेऊन गेली ती मगरिबच्या अजानीपर्यंत दिसली नाही. भाऊ काही बोलला नाही. ईदच्या तिसऱ्या दिवशी तो स्वतः मोटारसायकलवर तिच्या मागे शाळेपर्यंत जाऊन आला, वाट पाहायला. ओढ्याच्या पुलापाशी उतरून सायकल हातात धरून न्यायची, एवढी एक अट त्याने घातली.

परतीच्या वेळी टपावर एकच सायकल होती. अम्मीने रिकामी जागा पाहून ज्वारीचे पन्नास किलोचे पोते आणून ठेवले. वर चालणार नाही म्हटल्यावर तिला ते पटेना. "सायकल चालते, मग दाणे का नाही?" शेवटी पोते दोन पिशव्यांत करून डिकीत, चाकांच्या मधोमध ठेवले, आणि वरच्या जागेत तिच्या कुरडयांची टोपली बांधली. ती बांधायलाही मुलाने तीच गाठ मारली.