भट्टीवर जाणाऱ्यांच्या गोळ्या

चि. ताईस,


कर्जतला रुजू झालीस, आनंद वाटला. पण पत्रातलं एक वाक्य खटकलं: ‘कातकरी अडाणी, कुष्ठरोगाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडतात.’

सोडतात, हे खरं. पण कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, टोचलं तरी कळत नाही. डोईवर विटा वाहणाऱ्या बाईचं रोज काही ना काही दुखतंच. तिने न दुखणाऱ्या डागासाठी सहा महिने, कधी बारा महिने गोळ्या घ्यायच्या. शेजारी बसून समजावल्याशिवाय तिला हे कसं पटावं?

शिवाय गोळीच गुपित फोडते. रिफाम्पिसिन घेतलं की लघवी तांबडी होते. ‘रक्त जातंय’ म्हणून घर घाबरतं. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, चट्टे जास्तच गडद दिसतात. वाडीत कुजबुज सुरू होते, लेकीची सोयरीक अडते. बायका गोळ्यांचं पाकीट तांदळात लपवतात ते उगाच नव्हे; २०१९ पर्यंत हा रोग घटस्फोटाला कायदेशीर कारण होता. मध्येच रिअॅक्शन येऊन चट्टे सुजले, नस ठणकली, की ‘गोळी उष्ण पडली’ म्हणून भगताकडे धाव. पहिलं पाकीट देतानाच हे सगळं सांगत जा. भगतालाही भेट. त्याची टिंगल केलीस तर रुग्णही तुटेल. अंगारा खुशाल द्या, पण गोळी बंद करायला सांगू नका, एवढं त्याच्याकडून कबूल करून घे.

आणि दिवाळी झाली की कर्जत-खालापूरच्या कातकरवाड्या ओस पडतात. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली. पोराबाळांसकट बिऱ्हाड वीटभट्टीवर, नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. आपलं पाकीट अठ्ठावीस दिवसांचं, महिन्याचा मोठा डोस आपल्यासमोर घ्यायचा, आणि माणूस परतणार पावसाच्या तोंडावर! यात अडाणीपणा कुणाचा? एका जागी राहणाऱ्यांसाठी आखलेली रीत आपण फिरत्या माणसांवर लादतो आणि वर त्यांनाच बोल लावतो. मला याचा फार राग येतो.

तेव्हा नाव लिहिताना विचार: भट्टी कुठली, मुकादम कोण, बरोबर घरचं कोण. पुढची पाकिटं निघण्यापूर्वीच हाती पडतील असं डॉक्टरांशी बोलून ठरव. हाताची पकड सैल वाटली, डोळा नीट मिटेना, तर तिथल्या सरकारी दवाखान्यात लगेच जा, हे बरोबरच्या माणसालाही सांग. नाहीतर गोळी संपायच्या आत बोटं वाकडी होतात.

दिवाळी जवळ आली आहे. बिऱ्हाडं निघण्याआधी वाड्यांवर जाऊन ये.

तुझा,
मामा